खालचा सूर

सरोजिनी गेल्याचं मला कळलं तेव्हा गिरणी चालू होती. फळीवर ठेवलेला मोबाइल वाजून वाजून थांबला असणार, मला ऐकू आला नाही. गिरणी सुरू असली की मला दुसरं काही ऐकू येत नाही, आणि आता या वयात ती बंद असली तरी बारीक आवाज निसटतात. मी वाकून शेजारच्या शालूबाईंच्या ज्वारीचं पीठ बोटांत चोळून बघत होतो. तेवढ्यात आवाज खाली खाली जायला लागला आणि दगड थांबले. मला वाटलं लाइट गेली. वळून बघितलं तर मेन स्विचजवळ शालूबाई उभ्या होत्या. स्विच त्यांनी पाडला होता.

पिराजीच्या गिरणीच्या स्विचला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे उत्तरेश्वर पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी चिडून बोलणार होतो, पण त्यांनी त्यांचा फोन माझ्यापुढं धरला. पेठ वडगावहून माझा मेहुणा धैर्यशील बोलत होता. सरोजिनी आदल्या दिवशी त्याच्याकडं गेली होती, भाचीच्या डोहाळजेवणासाठी. तो म्हणाला, "दाजी, आक्का गेली." सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसली होती, तिथंच मान कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

मी फोन शालूबाईंना परत दिला. त्यांची निम्मी ज्वारी वरच्या डब्यात तशीच होती. मी म्हणालो, तुमचं दळण राहिलं. त्या म्हणाल्या, राहू दे.

पुढचं सगळं धैर्यशील आणि गल्लीतल्या लोकांनी केलं. पंचगंगेवर अग्नी दिला, रक्षाविसर्जन झालं. सांगलीहून माझी मुलगी राजनंदिनी आली आणि तेराव्यापर्यंत राहिली. तिनं घर धुतलं, भांडी घासली, आईच्या साड्यांच्या घड्या घालून कपाटात लावल्या. नातेवाइकांच्या चहाचं बघितलं. मी बसून होतो. लोक यायचे, बसायचे, सोन्यासारखी बाई म्हणायचे आणि जायचे.

घराची रचना सांगायला हवी. रस्त्याच्या बाजूला गिरणी आहे आणि एक दार ओलांडलं की मागं घर. दाराला पडदा लावा, फळी लावा, पीठ आत येतंच. सरोजिनीनं आयुष्यभर त्या पिठाशी भांडण केलं. मुलींच्या शाळेत ती संगीत शिकवायची. घरी येऊन आधी पेटीवरचं पीठ पुसायची आणि मग चहा ठेवायची. निवृत्त झाल्यावर तिनं एक कॅसिओ की-बोर्ड घेतला. त्यावर तिच्या आईच्या जुन्या साडीचा एक तुकडा कायम झाकलेला असे. वाजवायच्या आधी तो काढायचा आणि झालं की लगेच टाकायचा. यात कधी चूक झाली नाही.

कॅसिओ तिनं कॉर्ड शिकायला घेतला होता. राजारामपुरीत अंतरा नावाची तिची जुनी विद्यार्थिनी पियानोचा क्लास घेते, तिच्याकडं जायची. आपल्या शाळेत शिकलेल्या मुलीकडं साठीची बाई शिकायला जाते याचं तिला काही वाटत नव्हतं. मला म्हणायची, आपल्या गाण्यात सूर एकामागून एक येतात, ह्यात सगळे एकदम येऊन बसतात, मला ते बघायचंय कसं जमतं.

मग मागच्या वर्षी तिला पहिला झटका आला. बोलणं चालणं परत आलं, पण डावा हात कोपराखाली लुळा राहिला. कॅसिओवरचा कपडा बरेच दिवस निघाला नाही. एका संध्याकाळी मी गिरणी बंद करून आत आलो तर तिनं हाक मारली, "अहो, हात धुऊन इकडं या. पिठाचा हात नको."

मी गेलो. तिनं मला डाव्या बाजूला स्टुलावर बसवलं. एका पांढऱ्या पट्टीवर मरून टिकली चिकटवली होती.

"मी म्हटलं की ही दाबायची. सोडा म्हणेपर्यंत सोडायची नाही."

"एवढंच?"

"तुम्हाला एवढं जमलं तरी पुष्कळ."

तेव्हापासून ते रोजचं झालं. ती उजव्या हाताची पाची बोटं पसरून एकदम दाबायची आणि मी माझी एक पट्टी दाबून धरायचो. त्यातून जो आवाज निघायचा तो मला जड वाटायचा. दार बंद करून कुणी आत बसलंय, असा. मी एकदा विचारलं, हे रडकं कशाला वाजवतीस. ती म्हणाली, "रडकं नाही. मायनर आहे." मी म्हटलं, म्हंजी काय. ती म्हणाली, "म्हणजे रडकं नाही."

पुढं टिकल्या वाढल्या. मरून होती, मग हिरवी आली, मग काळी, मग चॉकलेटी. ती नुसता रंग सांगायची, मी तो दाबायचो. बाकीचे रंग घटकाभरच, सुरुवात आणि शेवट मरूनवर, म्हणून कानात तोच जड आवाज राहायचा. तसंही आमच्या घरात टिकल्या कुठंही असायच्या. कपाटाच्या आरशावर, न्हाणीघराच्या फरशीवर, खिडकीच्या गजावर. कपाळाची काढली की हाताशी येईल तिथं चिकटवायची हा तिचा स्वभाव होता. त्यामुळं कॅसिओवर टिकल्या आहेत याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

वडगावला जायच्या आदल्या संध्याकाळीही आम्ही बसलो होतो. तिची पिशवी भरून दारात ठेवलेली होती. त्या दिवशी शेवटी तिनं हिरवी सांगितली. आवाज नेहमीसारखा जड लागला नाही, मोकळा लागला. मी म्हटलं, आज जरा बरं वाटलं, बदललंस व्हय काही? ती म्हणाली, "मी तेच वाजवलं. रोजचंच." आणि कॅसिओवर कपडा टाकला.

ते माझ्याशी तिचं कॅसिओवरचं शेवटचं बोलणं.

तेराव्यानंतर राजनंदिनी निघाली. बॅग उचलता उचलता तिनं मला विचारलं, "बाबा, आई आतून खचली होती का हो? संध्याकाळी फोन केला की तुम्ही एका हातानं उचलायचा आणि मागं तेच तेच उदास वाजत असायचं. तिला विचारलं की विषय बदलायची."

मी म्हणालो, तसं काही बोलली न्हाय. पण ती सांगलीला गेल्यावर तो प्रश्न घरातच राहिला. एक वर्ष रोज संध्याकाळी मी तिच्या शेजारी बसत होतो. ती जर त्या लुळ्या हातासाठी, जाण्याच्या भीतीनं रोज रडत असेल आणि ते रडणं बोटांनी करत असेल, तर मी शेजारी बसून नुसती पट्टी दाबत होतो. आणि मी बरं वाटलं म्हटल्यावरही ती म्हणाली, तेच वाजवलं, रोजचंच. म्हणजे मला मोकळं वाटलं तेव्हाही ती तिथंच बसलेली होती. भाकरी खाताना मला हे आठवायचं आणि अर्धी ताटात तशीच राहायची.

एका संध्याकाळी मी हात धुऊन कॅसिओपाशी बसलो. तो आवाज पुन्हा ऐकला तर कळेल असं वाटलं. बघतो तर पट्ट्या साफ. एकही टिकली नाही. कपडाही नव्हता. राजनंदिनीला फोन लावला. ती म्हणाली, आईच्या सगळ्या टिकल्या मी गोळा केल्या, कॅसिओवरच्या, न्हाणीतल्या, सगळ्या कपाटाच्या आरशावर एकत्र लावून ठेवल्यात, तुम्हाला बघायला. आणि कपडा धुऊन कपाटात ठेवलाय. मग माझा आवाज ऐकून तिनं विचारलं, काही चुकलं का. मी म्हटलं, न्हाय, चांगलं केलंस. पोरीनं मायेनं केलं होतं. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

आरशावर बघितलं. टिकल्यांची रांगोळी होती. मरून चार-पाच होत्या, हिरव्या तीन. त्यातली माझी कुठली आणि ती कुठल्या पट्टीवरची, देव जाणे. कॅसिओच्या पांढऱ्या पट्ट्या सगळ्या एकसारख्या दिसतात. चार-पाच दिवस मी एकेक दाबून बघितली. एका पट्टीतून एकच सूर निघतो. तिची पाच बोटं मी कुठून आणणार? मग मी ते सोडून दिलं आणि त्या खोलीत जाणंही टाळलं.

गिरणी बंदच होती. मला ती सुरू करायची इच्छा नव्हती. एका सकाळी शालूबाई रिकामा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"भावजी, माझी ज्वारी अजून वर हाय."

मी म्हटलं, दुसरीकडनं दळून आणा, ती ज्वारी मी भरून देतो.

"दुसरीकडनं आणली असती तर इथं कशाला आले असते? त्या चौकातल्या गिरणीत पीठ जळकं लागतंय. सरोजिनीबाई असत्या तर आत्ता तुमच्यावर ओरडल्या असत्या. घाला पट्टा."

मी पट्टा घातला. त्यांची उरलेली ज्वारी दळली. त्या गेल्या आणि दहा मिनिटांत गल्लीतली आणखी दोन दळणं आली. शालूबाईंनीच सांगितलं असणार. गिरणी सुरू झाली ती झालीच.

तरी प्रश्न काही सुटत नव्हता. राजनंदिनी फोनवर पुन्हा विचारत नव्हती. शेवटी एका सोमवारी गिरणी बंद ठेवून मी राजारामपुरीत अंतराच्या क्लासला गेलो. तिशीची मुलगी आहे. दहाव्याला ती येऊन गेली होती. मी सरळ सांगितलं, तुझ्या बाई शेवटी शेवटी जे वाजवायच्या ते मला एकदा ऐकव.

तिनं आधी तीन सूर दाबले. म्हणाली, "सा म्हणजे पांढरी एक धरली तर हे ध, सा, ग. साधा मायनर." ते उदास होतं, पण सरोजिनीचं नव्हतं. तिनं वर प घातला, म्हणाली ध पासून मोजला तर हा सातवा, म्हणून मायनर सेव्हन्थ. उदासी जरा सैल झाली. मग नी घातला, म्हणाली हा नाइन्थ. आता ओळखीचं काहीतरी यायला लागलं.

"अजून पुढं हाय?" मी विचारलं.

"आहे. वर रे घेतला की इलेव्हन्थ. पण तिथं बोटं कमी पडतात."

मी म्हटलं, जवळ आलीस, पण ते न्हवं. मग तिनं मला दुसरी गोष्ट सांगितली. सूर तेच ठेवायचे, पण सगळ्यात खाली कोण बसतो ते बदलायचं. खाली ध असेल तर एक रंग, खाली सा आणला तर दुसरा, ग आणला तर तिसरा. त्याला इन्व्हर्जन म्हणतात. तिनं वाजवून दाखवलं. प्रत्येक वेळी सूर तेच होते असं ती म्हणत होती, पण मला दर वेळी निराळं काहीतरी ऐकू येत होतं.

"म्हंजी नाचणीवर गहू दळल्यागत."

"म्हणजे कसं?"

मी सांगितलं, गहू चांगलाच असतो, पण आधी दगडात नाचणी गेली असेल तर पोळी काळपट येते. म्हणून बायका दळण टाकायच्या आधी विचारतात, खाली काय होतं.

ती हसली आणि म्हणाली, हे मी आता मुलांना सांगणार. मग म्हणाली, "पण काका, बाईंच्या खाली काय होतं ते कळल्याशिवाय मी अंदाजानं किती वाजवू? तुमची पट्टी कुठली होती?"

"मरून."

"मरून काय?"

"मरून टिकली. आणि शेवटी हिरवी."

टिकल्या आता कुठं आहेत ते मी सांगितलं. ती पुढच्या सोमवारी घरी येऊन बघते म्हणाली.

ती आली तेव्हा मी चहा करत होतो. ती आतल्या खोलीत गेली. मी दोन कप घेऊन दारात आलो तर ती कॅसिओपुढं बसली होती आणि ओढणीचं टोक हातात घेऊन पट्ट्या पुसायला वाकली होती. पट्ट्यांवर पिठाचा थर बसला होता. कपडा कपाटात, आणि गिरणी सुरू होऊन कितीतरी दिवस झालेले. सरोजिनी असती तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं.

"थांब," मी म्हणालो. चहा सांडला थोडा.

तिचा हात थांबला. मी कप खाली ठेवले आणि डोळ्यांवरचा चष्मा पुसून जवळ गेलो. पीठ सगळीकडं सारखं नव्हतं. डाव्या बाजूला एका पट्टीवर वाटाण्याएवढा गोल जास्त पांढरा, जास्त जाड दिसत होता. मी वाकून हळूच फुंकर मारली. गुळगुळीत प्लॅस्टिकवरचं पीठ उडून गेलं. गोल तिथंच राहिला.

टिकली निघाली तरी तिचा डिंक राहतो. आरशावरही राहतो, म्हणून तर आरसा पुसताना बायकांची नखं झिजतात. त्या डिंकाला पीठ चिकटलं होतं.

मी एका टोकापासून फुंकत गेलो. अंतरा बाजूला सरकून बघत राहिली. डावीकडं चार गोल निघाले, एकापुढं एक, मध्ये जागा सोडून. मग बराच वेळ काही नाही. आणि पार उजवीकडं, सरोजिनीची बोटं पडायची त्याच्याही पलीकडं, एक पाचवा गोल.

अंतरानं डावीकडचे बघितले. "ध, सा, ग, प," ती म्हणाली. "काका, हे तुमचे. बाईंनी तुम्हाला एकेक इन्व्हर्जन शिकवलं आणि तुम्हाला सांगितलंही नाही."

"मला वाटायचं मी कंटाळू नये म्हणून जागा बदलती."

"नी सोडलाय बघा. नी खाली घेतला की टोचतं. त्यांनी तिथं टिकली लावलीच नाही."

मरून सगळ्यात बाहेरची होती, भिंतीकडची. हिरवी तिच्या आतली. एवढं मला नक्की आठवत होतं, कारण हिरवी सांगितली की मला स्टूल थोडं तिच्याकडं ओढावं लागायचं. म्हणजे मरून ध आणि हिरवी सा.

अंतरानं उजव्या हाताची पाची बोटं पसरली आणि सा, ग, प, ध, नी एकदम दाबले. मी ऐकलं. आवाज मोकळा होता. सकाळी गिरणीचं शटर वर केल्यावर रस्ता दिसतो, तसा. त्यात जड काही नव्हतं.

"हे न्हवं," मी म्हणालो. "तिचं जड होतं."

"बाईंचा हात असाच होता. ही बोटं मीच त्यांना बसवून दिली होती. डावा हात गेल्यावर त्यांनी मला फोन केला होता, एका हातानं नाइन्थ कसा घेऊ म्हणून. आता तुम्ही बसा."

मी स्टूल ओढून बसलो. पहिल्या गोलावर बोट ठेवलं. तिनं दाबा म्हटलं, मी दाबलं.

तोच आवाज आला. दार बंद करून कुणी बसलंय असा. वर्षभर रोज ऐकलेला. अंतरानं बोटं उचलली नाहीत. म्हणाली, "मी हात हलवत नाही. तुम्ही फक्त सरका. हिरवीवर या."

मी दुसऱ्या गोलावर आलो. दार उघडलं.

मी तिच्या हाताकडं बघितलं. पाची बोटं जिथल्या तिथं होती. मी पुन्हा पहिल्यावर गेलो, पुन्हा दुसऱ्यावर आलो. जाऊन येऊन चार वेळा केलं. बोटं हलली नाहीत. जे काही जड होत होतं आणि मोकळं होत होतं ते माझ्या एका बोटाखाली होत होतं.

मी तेच वाजवलं. रोजचंच.

ती खरं सांगत होती. वर्षभर तिचा हात तोच मोकळा आवाज करत होता. जड होतं ते माझ्या मरून टिकलीखाली होतं, आणि ती टिकलीही तिनंच लावलेली होती, ऐकायला. एक सूर खाली बसला की वरच्या पाचांचं काय होतं हे ती बघत होती. ती रडत नव्हती. ती शिकत होती. मला रडकं वाटतं म्हटल्यावर तिनं फार वाद घातला नाही, आपला हात बदलला नाही, मलाच उचलून दुसऱ्या पट्टीवर बसवलं.

"मग मीच तिला रडवत होतो की," मी म्हणालो.

अंतरा हसली. "रडकं नाही हो काका. मायनर आहे." आणि मला कळलं की हे उत्तर सरोजिनीचं नाही, आधी अंतराचं होतं.

मग चहा पिताना तिनं मला आणखी एक सांगितलं. त्या फोनवर ती बाईंना म्हणाली होती की कॅसिओत सोय असते, एक बटण दाबलं की खालचा सूर मशीन आपोआप लावतं, कुणाची गरज पडत नाही. सरोजिनी म्हणाली होती, "मशीन कशाला? घरात माणूस आहे."

मी कप खाली ठेवला. उठून गिरणीत गेलो आणि उगाच पट्टा बघून आलो.

राजनंदिनीला मी अंतरासमोरच फोन लावला. म्हणालो, तुझी आई खचली न्हवती. तिनं विचारलं, कशावरून. मला ते फोनवर नीट सांगता येईना. नाचणी, गहू, सा, ध, सगळं एकात एक झालं. शेवटी अंतराला म्हटलं, वाजव, आणि फोन पट्ट्यांजवळ धरला. मी पहिला गोल दाबला, मग दुसरा. मग राजनंदिनी म्हणाली, "पुन्हा दाबा." मी पुन्हा दाबला. ती रडली, पण आधी रडायची तशी नाही. मग मला म्हणाली, "बाबा, पट्ट्या पुसू नका हं." मी म्हटलं, पुसत न्हाय.

निघताना अंतरानं पाचव्या गोलाकडं बोट केलं. तो रे होता, वरचा. तिनं सांगितलं होतं तो इलेव्हन्थ. म्हणाली, बाईंची पाची बोटं गुंतलेली, डावा हात नाही, तुमचा डावा खाली. म्हणजे ही जागा तुमच्या उजव्या हातासाठी असणार. मी बघितलं. मला सरोजिनीच्या हातावरून हात न्यावा लागला असता. या पट्टीचा रंग तिनं मला कधी सांगितला नव्हता. आरशावर एक खड्याची लाल टिकली आहे, लग्नकार्याला लावायची, ती तिथली असावी असं मला वाटतं. वडगावहून आल्यावर ती मला सांगणार असेल. अंतरा म्हणाली, आत्ता लावून बघूया का, मी पाच घेते. मी म्हणालो, आज नको.

त्या रात्री मी भाकरी पोटभर खाल्ली. शालूबाईंनी वांग्याची भाजी पाठवली होती, तीही संपवली. कपाटातून साडीचा तुकडा काढून कॅसिओवर टाकला.

आता मी रोज गिरणी बंद झाल्यावर हात धुऊन बसतो. अंतरानं मला पाच बोटं बसवून दिलीत. माझी बोटं जाड आहेत, प दाबताना शेजारच्या पट्टीला लागतात, पण जमतं. उजव्या हातानं तिचं वाजवतो आणि डाव्यानं माझं. आधी मरून, मग हिरवी, मग काळी, मग चॉकलेटी. उंच सूर मला अजून कमीच ऐकू येतात, म्हणून मान वाकवून बसतो. शालूबाई एकदा दळण न्यायला आल्या आणि दारातून ऐकून म्हणाल्या, "काय ओ, गिरणी अजून चालूच हाय व्हय?" मी म्हटलं, ही मागची गिरणी.

माझे दोन्ही हात यात गुंततात. दिवाळीला राजनंदिनी येते म्हणाली आहे. यात वरचा रे अजून कुणी दाबलेला नाही.